बोयापलीकडचा नारळ

शकू गुडघाभर पाण्यात नारळ घेऊन उभी होती, आणि तिच्या मागे कोळीवाड्यातली सोळा पोरं लंगोट कसून तयार होती. नारळी पुनवेला दर्याला दिलेला नारळ दर्याकडे किती वेळ राहतो, हे दिघीत सगळ्यांना ठाऊक होतं. मोठी माणसं हात जोडून डोळे मिटायची, आणि डोळे उघडेपर्यंत तो कुणाच्या तरी काखेत असायचा. संध्याकाळी त्याचाच नारळीभात व्हायचा. डोळे मिटणारेही तो दोनदा मागून खायचे.

शकूलाही तो आवडायचा. पण गेल्या साली चैत्रातल्या वादळात तिच्या बापसाची होडी बुडाली. बाकीची माणसं पोहून आली, बापूस आला नाही. तेव्हापासून शकूच्या डोक्यात एकच होतं. बापूस दर्यात आहे. दर्याला दिलेलं त्यालाच पोचणार. आणि ही सोळा भुतं त्याच्या तोंडचा घास काढून घेणार.

वर्षभर घरात सण नव्हता. बापूस गेल्यावर या पुनवेला पहिल्यांदाच त्यांच्या घरचा नारळ निघायचा होता. घरात पुरुष उरला नव्हता, म्हणून तो नामाकाकानं टाकायचा असं ठरलं. शकूनं दोन दिवस जेवण सोडलं. म्हणजे सगळ्यांच्या देखत सोडलं. तिसऱ्या दिवशी काका म्हणाला, "टाक बाय, तूच टाक."

तिनं होळीपासून तयारी चालवली होती. बेत साधा होता. मुंबईची आगबोट खाडीत जिथं उभी राहायची तिथं एक लोखंडी बोया तरंगत असे. त्याच्या पलीकडं पाण्याला ओढ फार, म्हणून पोरांना तिकडं जायची बंदी होती. बोयापलीकडं पडला की नारळ बापसाचा. बोया इतका लांब होता की तिथवर बंदुकीची गोळी तरी पोचेल का, अशी शहाण्या माणसाला शंका आली असती. शकू नऊ वर्षांची होती. तिला शंका नव्हती.

शिकवायला कान्हा होता. शेजारचा, तिच्याहून दोन वर्षांनी मोठा, तिचा जिवाभावाचा सोबती, आणि नारळ पळवण्यात सगळ्या पोरांचा म्होरक्या. गेल्या पुनवेला त्यानं एकट्यानं सात काढले होते. दोघं रोज वाळूवर जायची. शकू कैऱ्या फेकायची, दगड फेकायची. एकदा वाळकं शहाळं फेकलं ते हातातून सुटून मागं गेलं आणि नीराबाईचा माठ फुटला.

"माजा नारळ तू सोडशील ना?" तिनं एकदा विचारलं.

"मी सोडला तर भिकू उचलंल," कान्हा म्हणाला. "मंग काय उपेग?"

ते खरंच होतं. दुसऱ्या दिवशी शकू आणखी लवकर वाळूवर आली.

आता ढोल थांबला. बायकांनी ओवाळलं. शकूची आई सगुणा सगळ्यांच्या मागं, एका होडीला टेकून उभी होती. नवऱ्याचा विषय ती काढत नसे, दुसऱ्या कुणी काढला तर उठून जात असे. शकूनं नारळ डोक्यावर नेला, डोळे मिटले, आणि होळीपासूनचं सगळं बळ लावून फेकला.

नारळ सात हातांवर पडला. सात हेही लोकांनी मागाहून दयेनं धरले.

पोरांना हसायलाही वेळ नव्हता. कान्हानं पहिली उडी घेतली आणि शेंडीला धरून नारळ उचलला. शकूनं आपल्या हाताकडे पाहिलं. बापूस उपाशी राहिला, आणि तिच्याच हातानं राहिला.

पण कान्हा किनाऱ्याकडे वळलाच नाही. नारळ पुढं ढकलत तो सरळ आत निघाला. बाकीची पंधरा पोरं त्याच्या मागं लागली. एकेक दमून परतलं. बोयाच्या अलीकडं भिकूनंही माघार घेतली. कान्हाचं डोकं बोया ओलांडून गेलं आणि लाटांत दिसेनासं झालं. नामाकाकानं घाईघाईनं होडी पाण्यात लोटली.

होडी परत आली तेव्हा कान्हाचे दात वाजत होते आणि हात रिकामे होते. काकानं आधी त्याच्या कानाखाली एक वाजवली, मग आपल्या डोक्याचा रुमाल सोडून त्याला गुंडाळला.

"नारळ कुठाय?" भिकूनं विचारलं.

"दिला."

"कुनाला?"

कान्हानं शकूकडे पाहिलं. ती ओठ दाबून, मान खाली घालून उभी होती.

"हिच्या बापसाला," तो म्हणाला. "म्हनला, पोरीला सांग, रडू नको. हात माज्यावर गेलाय तिचा. मलाबी कदी लांब फेकाया जमलं न्हाय."

हसावं की नाही, कुणाला कळेना. सगळे सगुणाकडे बघू लागले. आता ही निघून जाणार, असंच सगळ्यांना वाटलं. सगुणा होडीपासून सुटली आणि गर्दीतून वाट काढत पुढं आली. तिनं शकूचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि सव्वा वर्षात पहिल्यांदा ती हसत होती.

"ते मातर खरं हाय," ती म्हणाली. "लगीन झाल्यावर पयल्या पुनवंला त्यांनी नारळ फेकला, तो माज्याच पायावर पडला व्हता."