सहा नंबर

सहा नंबरने तारेवर गज ठेवला आणि ताईंच्या हातातली पेन्सिल जागच्या जागी थांबली.

रंगमंचावर काळा पडदा होता. पलीकडे कोण वाजवतंय ते समोरच्या, ताई धरून पाच परीक्षकांना कळू नये, म्हणून दारापासून खुर्चीपर्यंत जाड गालिचा अंथरलेला. बुटांच्या आवाजावरून बाई की पुरुष, हेही ओळखायला नको. उमेदवाराने बोलायचं नाही, खोकायचंसुद्धा नाही.

शहराच्या या वाद्यवृंदाला शंभर वर्षं होत आली होती. त्यातली पहिली पन्नास कुणाचा भाचा, कुणाचा जावई अशी भरती करण्यात गेली. मग एकदा जोराचं भांडण झालं, निम्मे वादक सोडून गेले आणि हा पडदा आला. त्याबरोबर नियमही आला. उमेदवारांत आपल्या नात्यातलं कोणी असेल, तर परीक्षकाने आधीच सांगून बाजूला व्हायचं.

ताई एकतीस वर्षं इथे व्हायोला, म्हणजे व्हायोलिनचं थोरलं भावंड, वाजवत होत्या. त्यांनी काहीच सांगितलं नव्हतं.

त्यांना तरी कोणी कुठे सांगितलं होतं? लेकीच्या टेबलावर या परीक्षेसाठी नेमलेल्या रचनांची पानं त्यांना दिसली होती, एवढंच. गेले आठ महिने ती घरी वाजवत नव्हती. सरावाला पलीकडच्या गल्लीत खोली घेतली होती. विचारलं तर म्हणाली, "शेजारी वैतागतात गं." वीस वर्षांत न वैतागलेले शेजारी! ताईंनी काय ते ओळखलं आणि गप्प बसल्या.

लेक तिशीला आली होती. दुसऱ्या तीन शहरांनी तिला नाही म्हटलं होतं. तिसऱ्या नकारानंतर तिने वाद्याची पेटी कपाटावर टाकली, ती दोन वर्षं खाली काढली नाही. आणि इथली जागा दहा-बारा वर्षांतून एखादी रिकामी व्हायची.

ताईंना आणखीही एक टोचणी होती. लेकीचं सगळं लहानपण शेजारच्या काकूंकडे गेलं. रोज संध्याकाळी आई कामावर. "माझी आई कंडक्टरच्या समोर बसते," असं तिने शाळेत सांगितलं, तर बाईंना वाटलं, आई रोज बसने कुठेतरी जाते. घरी सगळे पोट धरून हसले. "मग तो तिला वेळेवर घरी का नाही सोडत?" असं पोरीने विचारलं, तेव्हा मात्र कोणी हसलं नाही.

सहा नंबर संथ भागाशी आला. वरच्या सुरावर जाताना बोट किंचित सरकलं, मऊ, उशिरा. ही लकब ताईंची स्वतःची. लेक आठ वर्षांची असताना तिचं इवलंसं बोट धरून त्यांनी ती शिकवली होती. पडदाच काय, मध्ये भिंत असती तरी त्यांनी ओळखलं असतं.

शेवटी दोन नंबर आणि सहा नंबर, असे दोघेच उरले.

"माझं मत दोनला," कंडक्टर म्हणाले. "स्वच्छ, नेमकं. अशा माणसांच्या जिवावर वाद्यवृंद उभा राहतो."

दोघे दोनच्या बाजूला, दोघे सहाच्या. सगळे ताईंकडे बघू लागले.

"दोन नंबरची एकही चूक नाही," ताई म्हणाल्या, "पण जीवही नाही. घोटून घोटून पाठ केलंय. स्वतःचं असं काही नाहीच त्यात."

"फार कडक बोलताय, ताई."

"खरं ते बोलतेय. माझं मत सहाला."

दोन नंबरवर अन्याय होतोय, हे त्यांना कळत होतं. झाला तर झाला, त्या मनात म्हणाल्या. एकतीस वर्षं या जागेसाठी पोरीला दूर ठेवलं. एकदा तरी या जागेने तिला काही द्यावं.

मॅनेजरने बाहेर जाऊन निकाल सांगितला, सहा नंबरला आत आणून बसवलं आणि पडदा बाजूला सारला.

खुर्चीत पंचेचाळिशीचे, टक्कल पडलेले एक गृहस्थ बसले होते. उठून ते थेट ताईंच्या समोर आले. त्यांचे डोळे भरले होते. "तुमची रेकॉर्डिंगं ऐकून ऐकून शिकलोय मी. तो वरचा सूर तुमच्यासारखा यावा म्हणून वर्षं घालवली."

ताईंनी अभिनंदन केलं. काय बोलल्या, ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. म्हणजे ती आलीच नाही, ऐनवेळी पुन्हा कच खाल्ली, असं मनाशी म्हणत त्या बाहेर पडल्या.

बाहेरच्या बाकावर लेक बसली होती. मांडीवर पेटी.

"रागावू नकोस," ती म्हणाली. "अर्जात तू इथे लावतेस ते आडनाव नाही, बाबांचं टाकलं होतं. आईने आत घुसवलं, असं कोणी म्हणायला नको होतं मला. तुलासुद्धा ओळखू येऊ नये म्हणून आठ महिने खपून तुझी एकेक लकब हातातून काढून टाकली."

ताई तिच्याशेजारी बसल्या.

"मॅनेजर म्हणाले, एका मताने गेलं." लेकीने आईच्या खांद्यावर डोकं टेकलं. "जाऊ दे गं. रडतेस काय? दोन मतं मिळाली ना मला. त्यातलं एक तुझं होतं, एवढं मला पुरे आहे."