किल्ल्याखालचं तळं

लातूर वेगळा जिल्हा झाला त्या वर्षी आमच्या गावच्या विहिरी आटल्या होत्या. सोयरिकीसाठी उदगीरला स्टुडिओत काढलेल्या माझ्या फोटोत मात्र मागं पडका किल्ला आणि पायथ्याशी काठोकाठ भरलेलं तळं होतं. घर बघायला आलेल्या मुलीच्या आईनं पाण्याच्या तांब्याला हात लावला नाही. मुलीचे वडील, गुरुपादप्पा, माझा फोटो पुढं करून म्हणाले, "ह्ये तळं कुठं हाय?" तळं बघूनच ही माणसं आली असणार. सोयरीक मोडली, असं धरूनच मी बोललो, "मामा, तळं न्हाई, किल्लाबी न्हाई. फोटोवाल्याचा रंगवलेला पडदा हाय. हितं पाणी टँकरचं." गुरुपादप्पांनी मोठा सुस्कारा सोडला. "आमची थोरली लेक तळ्यात बुडाली. फोटो बघून ही नकोच म्हणत हुती." मुलीच्या आईनं फोटोतल्या तळ्यावरून बोट फिरवलं आणि तांब्या उचलून घटाघटा रिकामा केला.