जुन्या अंगरख्याच्या वाती

शलोमीथने गाठोडं सोडलं आणि कोरा पांढरा अंगरखा दिराच्या, मत्तन्याच्या, पुढ्यात ठेवला.

“हा घ्या, भाऊजी. आणि माझ्या लेकाचा, इद्दोचा, जुना मला द्या.”

मत्तन्याने हातातली फाडलेल्या कापडाची पट्टी खाली ठेवली नाही. मंदिराच्या वस्त्रांच्या खोलीत वेदीपुढे सेवा करणाऱ्या याजकांचे जुने अंगरखे आणि कमरबंद ढिगाने पडले होते. मंडपांचा सण तोंडावर आला होता, आणि सणात अंगणात लावायच्या मोठ्या दिव्यांना वाती कमी पडत होत्या. याजकाचा कपडा मळला, विटला, की तो धुवायचा नाही, विकायचा नाही, घरी न्यायचा नाही. त्याच्या वाती करायच्या.

“ढिगात आहे की नाही, मी पाहिलेलं नाही,” तो म्हणाला.

“मी पाहिलंय. ती बघा बाही. माझ्या हातची वीण मला कळत नाही होय?”

कोपऱ्यात म्हातारा अक्कूब मांडीवर वाती वळत बसला होता. “देऊन टाक, मत्तन्या. कोऱ्या कपड्याच्या बदल्यात चिंधी! असा सौदा बाजारात मिळायचा नाही.”

“हा बाजार नाही.”

“ते दिसतंच आहे. बाजारात एव्हाना वहिनींना कोणी बसा तरी म्हटलं असतं.”

मत्तन्याने बाक पुढे सरकवला. शलोमीथ बसली नाही.

“वहिनी, नवा द्यायचा असेल तर आनंदाने घेऊ. पण त्याच्या बदल्यात इथून काही निघणार नाही. सेवेला लागलेली वस्तू परत जात नाही. तुम्ही याजकाच्या घरात नांदलात, तुम्हाला मी काय सांगू?”

“जाळणारच ना तो?”

“दिव्यात.”

“जळायचाच आहे, तर माझ्या पेटीत राहिला म्हणून देवाचं काय अडतं?”

“देवाचं काही अडत नाही. माझं अडतं. या खोलीची किल्ली माझ्याकडे आहे.”

अक्कूबने भिंतीकडे तोंड फिरवलं. “मला तर हल्ली हाताएवढं लांबचंही दिसत नाही. आणि मत्तन्या, तुला मघाशी तहान लागली होती ना? जाऊन ये.”

“नाही लागली.”

शलोमीथने ढिगातून अंगरखा ओढून काढला. बाहीवर बळींच्या रक्ताचे वाळलेले डाग होते, खालच्या काठाला वेदीची राख. गळ्यापाशी कापड काळपट झालं होतं.

“धुतलेला नाही ना?”

“आपल्यात धूत नाहीत.”

तिने गळ्याचा काठ नाकाशी धरला आणि बराच वेळ तशीच उभी राहिली. मग म्हणाली, “इद्दो वारला आणि शेजारणींनी घरातले त्याचे सगळे कपडे धुऊन वाळत घातले. चांगल्या मनानेच. मला कळलं तोवर दोरीवर होते.”

तिने काठ खाली घेतला.

“भाऊजी, हा मी देवाला दिलाच नव्हता. इद्दोला दिला होता. पोरगा पहिल्यांदा वेदीपुढे उभा राहणार, म्हणून विणला. तेव्हा इथे घेताना तुम्हीच विचारलंत, मनापासून दिला का, सगळ्यांचा म्हणून दिला का. मी हो म्हटलं. तोंडाने म्हटलं. मनात होतं, माझा आहे आणि माझ्या लेकाला घातलाय.”

अक्कूबचा हात थांबला. मत्तन्या उठला, दार लोटून आला आणि तिच्यासमोर उभा राहिला. आता तो हळू बोलत होता.

“वहिनी, नीट विचार करून बोला. तसं असेल, तर अंगरखा तुमचा. घेऊन जा. मी अडवणार नाही, दुसरं कोणी अडवणार नाही. पण मग इद्दो इतकी वर्षं वेदीपुढे घरचा कपडा घालून उभा राहिला, असं होतं. घरच्या कपड्यात केलेली सेवा ही सेवा धरत नाहीत. त्याने वाहिलेलं काहीच पोचलं नाही. लोक लांबून कोकरं खांद्यावर घेऊन आले, कबुतरं घेऊन आले, त्यांचंही नाही पोचलं. हे मला वरच्या याजकांना जाऊन सांगावं लागेल.”

“त्याला कुठे माहीत होतं?”

“त्याला नव्हतं. तुम्हाला होतं.”

बाहेर मंदिराचे गायक, लेवी, सणाची गाणी घोकत होते. एकाचा सूर चुकला, सगळे हसले, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं.

शलोमीथने अंगरख्याची घडी केली. गळा आत गेला.

“दिला होता,” ती म्हणाली.

“मनापासून?”

“मनापासून. मघाशी म्हातारीचं डोकं फिरलं होतं. आणि हा नवाही दिला. मनापासून.”

मत्तन्याने हात पुढे केला. घडी तिच्या हातून सुटायला जरा वेळ लागला. त्याने ती मोडली, खालचा काठ दोन्ही मुठींत धरला आणि हिसडा दिला. कापड फाटलं नाही. त्याने पुन्हा हिसडा दिला. त्याच्या मानेच्या शिरा फुगल्या.

“वहिनींची वीण आहे ती, बाबा,” अक्कूब म्हणाला. “तुझ्याच्याने नाही व्हायचं.”

शलोमीथ बाकावर बसली. तिने अंगरखा दिराच्या हातातून ओढून मांडीवर घेतला, काठ दातांत धरला आणि तोडला. मग दोन्ही हातांनी ओढलं. चीर थेट गळ्यापर्यंत गेली. त्या आवाजाने अक्कूबनेही मान वळवून पाहिलं.

तिने पहिली पट्टी सुटी केली, हाताने सारखी केली आणि मत्तन्याला दिली.

“सूत जाड आहे, भाऊजी,” ती म्हणाली. “पेटायला वेळ लागेल. घाई करू नका.”