बंद बाटलीतला समतोल

"समतोल आला की मुक्त ऊर्जेतला बदल शून्य होतो, म्हणजे अभिक्रिया थांबते," आईबरोबर केतकीला बघायला आलेला निनाद म्हणाला. इचलकरंजीत त्याचा केमिस्ट्रीचा मोठा क्लास होता.

केतकी मिरजेला कॉलेजात तोच विषय शिकवायची. आज वाद घालणार नाही, असं तिने आईला कबूल केलं होतं. पण हे ऐकून तिने हातातला ट्रे टीपॉयवर आदळला. "थांबत नाही हो! शून्य म्हणजे कुठल्याच बाजूला ओढ उरत नाही. जेवढं बनतं तेवढंच उलटं मोडतं, म्हणून बदल दिसत नाही."

"माझी पोरं एवढ्यावर पास होतात," निनाद म्हणाला.

केतकीने टीपॉयवरची सोड्याची बाटली उचलली. "हिच्यात जेवढा वायू विरघळतोय, तेवढाच बाहेर येतोय. झाकण उघडलं की दाब उतरतो, समतोल मोडतो आणि मुक्त ऊर्जा कमी होईल तिकडे सगळं धावतं." बोलण्याच्या भरात तिने बाटली चांगलीच हलवली होती. झाकण फिरवताच सोडा थेट निनादच्या आईच्या तोंडावर आणि पैठणीवर उडाला.

केतकीच्या आईने कपाळाला हात लावला. निनाद मात्र बाटलीतल्या बुडबुड्यांकडे बघत राहिला. मग पुटपुटला, "माझं चुकलंच."

चेहरा पुसता पुसता त्याची आई थांबली. "काय म्हणालास? परत म्हण."

"माझं चुकलं, आई."

ती ओल्या पदरानिशी केतकीच्या आईकडे वळली. "हे ऐकायला मी आणि याचे वडील जन्मभर थांबलो हो! मुलगी पसंत आहे."