कळी उमलते तो आवाज

"तू नुसते ओठ हलव गं, आवाज काढू नकोस." शाळेत प्रार्थनेच्या वेळी बाईंनी सांगितलेलं हे वाक्य अडखळत बोलणाऱ्या हेमांगीच्या कानात वीस वर्षं घर करून होतं. लेकीसाठीही तिनं कधी अंगाई म्हटली नव्हती.

आज बोलक्या पुस्तकांच्या दुकानात दीड वर्षाची रेवू तिच्या मांडीवर होती. मूल ज्या आवाजावर भाळेल, त्या आवाजाला पानावरची कळी उमलायची, आणि मग तोच आवाज पुस्तकात कायमचा भरला जायचा. सोबत आलेल्या नणंदेनं निवडलेले अकरा मधाळ आवाज ऐकवून झाले, तरी कळी मिटलेलीच.

"पोर आहे की परीक्षक?" दुकानदार दिगंबरकाका हसले.

"वन्सं, रा-राहू द्या, घ-घरी जाऊ," हेमांगी पुटपुटली.

आणि पानभर कळ्या फुलल्या. रेवू टाळ्या पिटू लागली.

नणंद गडबडली. "पुस्तक बिघडलं वाटतं."

"ते बाळाचं काळीज ऐकतं, ताई. ते कुठलं बिघडतंय?" दिगंबरकाका म्हणाले.

हेमांगीनं मान वर केली.

"काका, मा-माझाच आवाज भरा. अडखळतो तसाच." मग नणंदेकडे वळून ती म्हणाली, "वन्सं, मला पहिल्यापासून गा-गायचं होतं."