पडदा रंगीत आहे का?

कलेक्टरसाहेब खुर्चीत बसले, तरी मन्मथचे बोट कळफलकावर थबकलेलेच होते.

“चालव की रे,” मागून अव्वल कारकून श्रीमंतराव कुजबुजले. “घाम काय पुसून राहिला? बोहल्यावर उभा हाय का?”

जिल्हा नवा होता. कचेरीच्या भिंतींना अजून चुन्याचा वास होता. पाऊस मात्र दोन वर्षे इकडे फिरकला नव्हता. रंगीत पडद्याचा कॉम्प्युटर सगळ्या जिल्ह्यात एकच, साहेबांचा. मन्मथच्या तालुक्याच्या कचेरीत हिरव्या अक्षरांचा जुना पडदा होता. चित्र काढणारे कार्ड त्या मशीनमध्ये नव्हते. एकच फ्लॉपी दोन्हीकडे चालावी, असा प्रोग्राम त्याने बेसिक या कॉम्प्युटरच्या भाषेत लिहिला होता. आज तो पसंत पडला, तर रोजंदारीवरच्या मन्मथला कायम करण्याची शिफारस श्रीमंतराव करणार होते.

त्याने कळ दाबली. काळ्या पडद्यावर तालुक्याची सीमा उमटली. मग एकेक गाव संथपणे निळे होत गेले, जणू कुठे तरी पाणी झिरपत होते.

“निळं म्हणजे?” साहेबांनी विचारले.

“टँकर जातो ते गाव, साहेब. कोरडं असतं तर तांबडं दिसलं असतं.”

“तांबडं दिसलं, की उद्याच्या उद्या तिथे टँकर लावतो मी.” साहेब पुढे वाकले. “पण एकही नाही! श्रीमंतराव, बाकीचे तालुके नुसते रडतात.”

“पोरानं लई जीव लावला, साहेब.”

“तुमच्याकडच्या पडद्याला तर रंग नाहीत. तिथे हे अडत कसं नाही?”

मन्मथ मान खाली घालून बोलू लागला. “प्रोग्राम आधी चित्र काढून बघतो. कार्ड नसलं की मशीन चूक दाखवतं. ती चूक आपण पकडायची अन् त्याला दुसऱ्या ओळीवर धाडायचं. तिथं नुसती अक्षरं.”

“जागा बघून वागतो म्हणा! माणसासारखाच झाला की.”

श्रीमंतराव सर्वांत मोठ्याने हसले.

“तुमचं गाव यात कुठे?”

मन्मथने एका ठिपक्यावर बोट ठेवले.

“घरी कोण असतं?”

“आई.”

“आता पाण्याला लांब जावं लागत नाही ना त्यांना?”

मन्मथचे कान तापले. बोट काचेवरून निघेना.

“निळं हाय, साहेब,” तो म्हणाला.

“फार लाजता बुवा तुम्ही.” साहेबांनी त्याचा खांदा थोपटला. जादा टँकरची गरज नाही, असा शेरा त्यांनी तिथेच दिला.

परतीच्या एस.टी.त श्रीमंतराव म्हणाले, “कायम झालास समज. आईला पेढे धाड.” मन्मथ खिडकीबाहेरच्या भेगाळलेल्या रानाकडे पाहत राहिला.

तालुक्याला पोचताच श्रीमंतरावांनी त्याला तीच फ्लॉपी घालायला लावली. प्रोग्रामने चित्र काढू पाहिले. मशीनने चूक दाखवली. रंग नाहीत, म्हणजे समोर साहेब नाहीत, हे त्याने मन्मथने शिकवल्याप्रमाणे अचूक ओळखले. मग दिवसा निळी झालेली तीच गावे हिरव्या अक्षरांत एकाखाली एक उतरू लागली, प्रत्येकापुढे टँकरच्या खऱ्या खेपांचा आकडा घेऊन. आणि मन्मथच्या गावापुढे आले शून्य.