वर निखारे, खाली वाळू

बायडाबाईनं पहिला घास तोंडात घेतला आणि चावता चावता ती थांबली.

"कसं लागतंय, आत्याबाई?" मुक्ताबाईनं विचारलं. चुलीपुढं बसून सुनेचं तोंड लालेलाल झालं होतं, पडशानं नाक चोंदलेलं, पण डोळे मात्र सासूच्या तोंडावर खिळलेले.

सासूनं घास इकडचा तिकडं केला, सावकाश गिळला. "मऊ हाय," एवढंच म्हणाली.

तेवढ्यावरही सून हरखली. गोविंदा बरम्याच्या लढाईवर गेला त्या दिवशी बायडाबाईनं याच पडवीत उभं राहून कार्ल्याच्या डोंगराकडं हात जोडले होते. पोरगा उंबऱ्यात येईपर्यंत दूध, दही, ताक, लोणी, तूप यातलं काही तोंडात घालणार नाही, असा एकवीरेला नवस बोलली होती. तेव्हापासून बाई पाण्यातल्या पेजेवर होती. दात गेले, गालफडं बसली, पण नवस तिनं जिवापाड सांभाळला.

सून लोणावळ्याच्या एका बंगल्यात भांडी घासायची. तिथल्या मडमेची मऊ बिस्किटं तिनं खरकट्या हातांनी कितीदा तरी पाहिली होती. मडम अंडी घाली, लोणी घाली, दूध घाली. मुक्ताबाईनं आपलं डोकं चालवलं. दुधाच्या जागी देवीपुढं फोडलेल्या नारळाचा रस घेतला. त्याला दूध म्हणायचंही तिनं टाळलं, न जाणो, देवी नावालाच धरून बसायची! लोण्याच्या जागी वनस्पती तूप. ते शेंगदाण्याच्या तेलाचं, गाईम्हशीचा त्यात थेंब नसतो, हे तिला बंगल्यातच कळलं होतं. तसला रंगीत पत्र्याचा डबा शेजारच्या झुंबरबाईच्या फळीवर होता. झुंबरबाई रानात गेलेली. मुक्ताबाईनं वाटीभर तूप काढून आणलं, रेशनची साखर आणि गव्हाचं पीठ त्यात मळलं. पातेल्याच्या तळाला वाळू, वाळूवर ताटली आणि झाकणावर निखारे, अशी भट्टी केली. फुगून वर आलेली गोल बिस्किटं बघून तिलाच आपल्या हाताचं कौतुक वाटलं.

"मुक्ते, अगं ए!" परसदारी झुंबरबाईचा आवाज आला. "डब्यातलं तूप तू नेलंस व्हय?"

"व्हय मावशी. उद्या भरून दीन की."

"दे गं सावकाशीनं. म्हशीचं कडीवलंय कालच, म्हणून इचारलं."

मुक्ताबाईच्या हातातला चिमटा खाली पडला. "म्हशीचं? डबा तर..."

"डबा व्हय! त्यातलं कवाच सरलं. पत्र्याचा डबा या दिसात टाकतंय का कुणी?" एवढं बोलून झुंबरबाईचं लक्ष पातेल्याकडं गेलं, मग पडवीत बसलेल्या म्हातारीकडं. तिनं पदर तोंडाला लावला. "कुणापाशी बोलू नगंस," ती कुजबुजली आणि आली तशी मागच्या मागं गेली.

मुक्ताबाई भिंत धरून उभी राहिली. गोविंदाचा चेहरा आठवू बघावा तर तो नीट आठवेना, आणि त्यानं ती आणखीच घाबरली. आत्ता, या घटकेला, तिकडं त्या रानात त्याचं काय झालं असेल? तिच्याच हातानं नवस मोडला होता. सांगावं तर म्हातारी जागीच प्राण सोडील. न सांगावं तर देवीला का ठाऊक नाही? पडवीतून डोंगर दिसत होता. तिकडं बघायचा तिला धीर होईना.

ती पुढं झाली आणि सासूपुढची थाळी ओढू लागली. "ऱ्हाऊ द्या आत्याबाई. करपल्यात. पोटात दुखंल."

बायडाबाईनं थाळीवर हात ठेवला. "बस खाली."

"आत्याबाई..."

"बस म्हन्ते न्हवं? झुंबरीचं आयकू आलं मला. आन् त्याच्या आदीच कळलंय. सारा जल्म म्हशीखाली बसून गेला माजा, मला तूप वळखू येईना व्हय?"

"मग थुकलं का न्हाई?" मुक्ताबाईला रडू फुटलं. "का गिळलंत?"

"थुकलं असतं तर चूक तुजी झाली असती. बायकूच्या हातची चूक नवऱ्याच्या जिवावर जाती." म्हातारीला दम लागला. "कळून खाल्लं की नवस मोडनारी मी. मग देवीला काय घ्यायचं त्ये माजं घिऊ दे."

"असं नका बोलू."

"मला उठीव."

सुनेनं काखेत हात घालून तिला उठवलं. बायडाबाईनं पायानंच पाट फिरवला, डोंगराकडं तोंड करून त्यावर बसली आणि हात पुढं केला. मुक्ताबाईनं त्या हातावर दुसरं बिस्कीट ठेवलं.

म्हातारीनं ते खाल्लं. मांडीवर साखरेचे कण सांडले होते. बोट ओलं करून तिनं तेही टिपले, एकही मागं ठेवला नाही. मग तोंड पुसायच्या आधी मान वर केली.

"नीट बघून घे गं आई," ती म्हणाली. "खानारी मी हाय."